इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारचा कॉन्सेप्ट: बॅटरी टाकली की टप वर का सरकतो?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, चौघांचा ग्रुप आहे, इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारचा कॉन्सेप्ट करताय. दोन सीट, लांबी ४,४०० मिलिमीटर, उंची १,१८०, फ्लोअरमध्ये ८० किलोवॅट अवरची बॅटरी, रेंज ५०० किलोमीटर. स्केच सगळ्यांना आवडलं, पण कॅडमध्ये (संगणकावरच्या मॉडेलमध्ये) बॅटरीचा १३० मिलिमीटर जाडीचा डबा टाकून वर माणूस बसवला तर त्याचं डोकं टपाच्या १० सेंटिमीटर वर निघालं. आता तू विचारतोयस की पॅक ७० मिलिमीटर करू, का सीट अजून आडवी करू, का उंची १,२८० करून टाकू, पण मग स्केचची मजा जाते. शेवटी एक ओळ आहे की ज्युरीने "ही बनू शकते का" असं विचारलं तर काय सांगू.

मी वीस-बावीस वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात हेच काम करतोय, सुरुवातीची काही वर्षं पॅकेजिंगमध्ये आणि मग एक्स्टिरिअर स्टुडिओबरोबर, म्हणजे डिझायनर जे काढतो त्याच्या आत माणूस, चाकं, रेडिएटर, वायरिंग हे सगळं बसतं का ते बघायचं आणि बसत नसेल तर दोघांनी भांडून मार्ग काढायचा. त्यामुळे तुझं ते टपाबाहेर आलेलं डोकं मी खूपदा पाहिलंय. आणि ते आत्ता, कॅडमध्ये दिसलं हे चांगलंच झालं, कारण हीच गोष्ट क्ले मॉडेल (गाडीचं मातीचं मॉडेल) झाल्यावर कळली की फार महागात जाते.

माझ्या मते तुझी अडचण जाडीची नाहीये. तू आधी बाहेरचं रूप ठरवलंस, मग बॅटरी कुठे ठेवायची ते ठरवलंस (खरं तर ठरवलं नाहीसच, आजकाल बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत ती फ्लोअरमध्ये असते म्हणून तूही तिथे टाकलीस), आणि माणूस शेवटी बसवलास. स्पोर्ट्स कारमध्ये हा क्रम नेमका उलटा लागतो. पेट्रोल गाड्यांत इंजिन पुढे का मागे हा पहिला निर्णय असायचा आणि गाडीचं अर्धं रूप तिथेच ठरायचं. इलेक्ट्रिकमध्ये मोटर छोटी झाली म्हणून लोकांना वाटतं आता काही ठरवायलाच नको, पण जागा खाणारी वस्तू गेली नाही, ती फक्त बदलली. आता इंजिनाच्या जागी बॅटरी आहे आणि पहिला प्रश्न हा की माणूस बॅटरीवर बसणार का बॅटरीच्या पुढे. जुनी मारुती ओम्नी आठव, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं, ड्रायव्हर अक्षरशः इंजिनावर बसायचा आणि त्यामुळेच तो तेवढा उंचावर असायचा. व्हॅनला ते चालतं, जागा वाचते. फ्लोअरमधल्या बॅटरीवर दोन माणसं बसवून स्पोर्ट्स कार काढायची म्हणजे तोच लेआउट धरून उलट्या दिशेला जाणं आहे.

आता आकडे मांडू, कारण त्याशिवाय हे पटत नाही. जमिनीपासून वर मोजत जा. ग्राउंड क्लिअरन्स १२० धर. त्यावर तुझा पॅक १३०. त्यावर फ्लोअर, मॅट वगैरे २०. मग फ्लोअरपासून एच-पॉइंटपर्यंत, म्हणजे बसलेल्या माणसाच्या कमरेच्या सांध्यापर्यंत, स्पोर्ट्स कारमध्ये साधारण १५०. तिथून उंच माणसाच्या डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत, पाठ २५-२७ अंश मागे असताना, ७८० च्या आसपास. डोक्यावर मोकळी जागा ४०, टपाची स्वतःची जाडी ४०. बेरीज कर, १,२८० येते. तुझं स्केच १,१८० चं आहे, म्हणजे जे १० सेंटिमीटर कॅडमध्ये दिसले ते बरोबर हेच. आता या बेरजेतून फक्त पॅकचे १३० काढ, १,१५० उरतात आणि तुझं स्केच आहे तसं बसतं, वर ३० मिलिमीटर शिल्लक. या आकड्यांत १०-२० मिलिमीटर इकडेतिकडे होतील, कोणाला बसवायचं आणि सीट कशी आहे त्यावर ते आहे, पण चित्र बदलत नाही.

खऱ्या गाड्या बघितल्या तरी हाच हिशोब दिसतो. एमजीची सायबरस्टर आता आपल्याकडेही मिळते, दोनच सीट, बॅटरी फ्लोअरमध्ये आणि पॅक फक्त ११० मिलिमीटर जाड, ज्यासाठी बरीच मेहनत घेतलीये, तरी गाडीची उंची १,३२९. पोर्शने २०१५ ला फ्रँकफर्टला मिशन ई दाखवली तेव्हा कॉन्सेप्टची उंची १,३०० होती आणि २०१९ ला तिची टायकान होऊन रस्त्यावर आली तेव्हा ती १,३८० च्या घरात गेली. उलट पोर्शचीच २०२१ ची मिशन आर ही रेसिंगची कॉन्सेप्ट बघ, तिच्यात बॅटरी ड्रायव्हरच्या मागे आहे आणि उंची १,१९० च्या आसपास. कंपनी तीच आणि इंजिनिअरही त्याच तोडीचे, मग फरक कुठून आला, तर माणूस कुठे बसवला त्यातून.

आता तू दिलेले तीन पर्याय घेऊ. पॅक ७० मिलिमीटर करणं विसर. बाजारातल्या गोल सेलचीच उंची बघ, १८६५० हा ६५ मिलिमीटर, २१७०० हा ७०, ४६८० हा ८०. त्याच्या खाली किंवा बाजूला कूलिंगची प्लेट, वर बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि झाकण, खाली दगड लागू नये म्हणून संरक्षण, आणि अपघातात पॅक चेपू नये म्हणून स्ट्रक्चर. आडवे सेल टाकून, सगळं काटेकोर करून लोक ११० ला पोचलेत. त्याच्या खाली जायचं तर पॅक पसरट होत जातो आणि दोन चाकांमधली जागा संपते. कागदावर तू ७० लिहू शकतोस, पण ज्युरीत एक जरी बॅटरीवाला असला तरी त्याचा पहिला प्रश्न तिथेच येणार.

सीट आडवी करणं थोडंफार चालतं. २५ वरून ३० अंशावर गेलास तर डोकं जरा खाली येतं. पण त्याच्या पुढे तीन गोष्टी एकदम बिघडतात आणि विद्यार्थी त्यातली एकच बघतात. एक तर पाठ जितकी मागे तितकी मान पुढे वाकवून बघावं लागतं, तासाभरात मान भरून येते. दुसरं, पाय पुढे सरकतात, पेडल पुढे जातात आणि मग ते पुढच्या चाकाच्या आणि सस्पेन्शनच्या जागेत घुसतात, म्हणजे व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) वाढवावा लागतो. आणि तिसरी, जी सगळ्यात जास्त विसरली जाते ती म्हणजे डोळा खाली येतो. डोळा खाली आला की काचेचा खालचा काठ, डॅशबोर्ड, बॉनेट सगळं खाली न्यावं लागतं, नाहीतर समोरचा रस्ता दिसत नाही. मी एकदा एका विद्यार्थ्याचं मॉडेल बघितलं होतं, फार सुंदर होतं, पण ड्रायव्हरच्या डोळ्यातून रेष काढली तर ती स्टिअरिंगच्या वरच्या कडेला आपटत होती. त्याने सहा महिने काम केलं होतं आणि ती रेष कोणीच काढून पाहिली नव्हती.

उरली उंची वाढवणं. त्यात पाप काही नाही, पोर्श ९११ सुद्धा १,३०० च्या आसपासच आहे आणि तिला कोणी उंच म्हणत नाही. पण मग ती वेगळी गाडी आहे, तिची प्रमाणं वेगळी, आणि तुला स्केच नव्याने करावं लागेल. १,१८० ची गाडी वरच्या बाजूला १० सेंटिमीटर ताणली की ती ९११ होत नाही, सूज आल्यासारखी दिसते, कारण काचेचा भाग मोठा होतो आणि चाकं तेवढीच राहतात.

म्हणून मी तुला माणूस बॅटरीच्या पुढे बसवायला सांगेन. ही काही नवी युक्ती नाही. २००८ ची पहिली टेस्ला रोडस्टर अशीच होती, लोटस एलिसच्या धर्तीची चासी, सीटच्या मागे जिथे इंजिन असायचं तिथे ६,८३१ छोट्या लॅपटॉपसारख्या सेलचा, साधारण ४५० किलोचा, ५३ किलोवॅट अवरचा ठोकळा. लोटसने २०१९ ला दाखवलेल्या एव्हियातही बॅटरी सीटमागेच. मधला मार्गही आहे, रिमॅक नेव्हेरात बॅटरी इंग्रजी एच अक्षराच्या आकारात आहे आणि पिनिनफारिना बातिस्तात टी अक्षरासारखी (ही कंपनी आपल्या महिंद्रा ग्रुपची, म्हणून मुद्दाम सांगतो), म्हणजे काही भाग सीटमागे, काही भाग दोन सीटच्या मधल्या बोगद्यात, माणसाच्या बुडाखाली मात्र काही नाही. त्यामुळे १२० किलोवॅट अवर बसवूनही नेव्हेरा १,२०८ मिलिमीटरवर राहिली, फक्त वजन दोन टनांच्या वर गेलं. टायकानवाल्यांनी वेगळं केलं, त्यांना मागे दोन माणसं बसवायची होती म्हणून त्यांनी बॅटरीतच मागच्या पायांसाठी खड्डे ठेवले, म्हणजे त्या जागचे सेल काढून टाकले. तेही हुशारीचं काम आहे, पण तुझ्याकडे दोनच सीट आहेत, तुला त्याची गरज नाही.

सीटमागे किती जागा लागेल? ढोबळ हिशोब असा की आजचा बरा पॅक एका लिटरमध्ये २००-२५० वॅट अवर बसवतो, सगळं धरून. म्हणजे ६०-७० किलोवॅट अवरला ३०० लिटरची जागा. घरचा ३०० लिटरचा फ्रिज डोळ्यासमोर आण, त्याच्या आत जेवढं मावतं तेवढं. गाडीत तो ठोकळा १,२०० रुंद, ६०० उंच, ४२० खोल असा सीटच्या पाठीमागे उभा राहतो, आणि सीटची पाठ तिरकी असल्यामुळे त्याची पुढची बाजूही तिरकी करता येते. त्याच्या मागे मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीचा करंट मोटरला लागतो तसा करून देणारा) आणि गिअर मिळून एक युनिट, ते मागच्या ॲक्सलवर. साइड व्ह्यूमध्ये हे काढ, व्हीलबेस २,६५० ते २,७०० मध्ये सगळं बसतं.

तू म्हणशील, पण मला तर ८० हवेत. इथे मी थोडा वाद घालणार आहे. पॅकचं वजन काढ, किलोला १६० वॅट अवर धरले तर ८० ला ५०० किलो, ६० ला ३७५. नुसता सव्वाशे किलोचा फरक नाही तो, जड बॅटरीला मोठे ब्रेक, जाड सस्पेन्शन, रुंद टायर, भक्कम क्रॅश स्ट्रक्चर हे सगळं मागोमाग येतं. आणि ५०० किलोमीटर कशासाठी हवेत हे ग्रुपमध्ये कोणी विचारलंय का? ही गाडी जर मुंबईहून गोव्यासारख्या लांबच्या प्रवासाला जायची असेल तर ठीक, मग ती ग्रँड टूरर आहे, तिला उंची १,३०० चालेल, डिकी लागेल, आणि बॅटरी फ्लोअरमध्येही चालेल. पण रविवारी पहाटे पुण्यातून निघून ताम्हिणी घाट करून परत यायचं, किंवा महाबळेश्वरला जाऊन यायचं, यासाठी असेल तर जाऊन-येऊन २५० च्या आत काम होतं. किलोमीटरला १५० वॅट अवर धर, ६० किलोवॅट अवरमध्ये कागदावर ४०० किलोमीटर, घाटात जोरात चालवलीस तर त्याहून बरीच कमी, तरी पुरते. कोणती गाडी करायची हे तुमच्या ग्रुपने ठरवायचं, त्यात बरोबर-चूक नाही. मात्र दोन्ही एकाच गाडीत कोंबायला गेलात तर तुझ्या कॅडमध्ये जे झालं तेच होतं.

मागे ठोकळा ठेवण्याचे तोटेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील सरांनी एकच बाजू सांगितली. वजन मागे जातं, मागच्या चाकांवर ५८-६० टक्के. इंजिन मध्यभागी असलेल्या गाड्यांत हे नेहमीचंच आहे आणि ॲक्सिलरेशनला उपयोगी पडतं, पण फ्लोअरमधल्या बॅटरीने सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जितकी खाली येते तितकी इथे येत नाही. उंच ठोकळ्यात मधले सेल बाहेरच्या हवेपासून लांब असतात, म्हणून कूलिंग नीट आतपर्यंत न्यावं लागतं. मागची काच जवळजवळ नाहीशीच होते, मागचं बघायला कॅमेरा लागतो. हे सगळं तुझ्या रिपोर्टमध्ये स्वतःहून लिही, ज्युरीने शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

आता कूलिंग, आणि इथे जरा थांबतो कारण तुझ्या स्केचमध्ये पुढचं तोंड पूर्ण बंद आहे आणि खाली लिहिलंय की इलेक्ट्रिक असल्यामुळे ग्रिलची गरज नाही. रोजच्या हॅचबॅकला हे बऱ्याच अंशी चालतं. स्पोर्ट्स कारला नाही. कारण बघ. पेट्रोल इंजिनचं पाणी ९०-१०० डिग्रीला असतं, बाहेर ४० डिग्री असलं तरी मधे ५०-६० चा फरक आहे, छोट्या रेडिएटरमधून भरपूर उष्णता जाते. मोटर आणि इन्व्हर्टरचं पाणी ६०-६५ च्या आसपास ठेवतात, फरक कमी झाला. आणि बॅटरीला तर २० ते ४० मध्येच राहायला आवडतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला बाहेर ४५ असतं, मग रेडिएटर बॅटरीला थंड करणार कसा? बाहेरची हवाच बॅटरीहून गरम. तिथे एसीचा गॅस वापरून चिलर (बॅटरीचं पाणी थंड करणारा भाग) चालवावा लागतो आणि त्या एसीचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पुढे हवेत लागतो. म्हणजे उष्णता एकूण कमी असली तरी ती बाहेर टाकणं जास्त अवघड. त्यात करंट दुप्पट केला की सेलमधली उष्णता चौपट होते, आणि स्पोर्ट्स कार घेणारा करंट दुप्पट करणारच, त्यासाठीच तर घेतो.

मी ज्या एका प्रोजेक्टवर होतो (कंपनीचं नाव नको) तिथे हेच झालं. बंद तोंड सगळ्या वरिष्ठांना इतकं आवडलं की क्ले मॉडेल तसंच फायनल झालं, आम्ही पॅकेजिंगवाल्यांनी तक्रार लिहून दिली होती पण ती पुढच्या टप्प्यात बघू म्हणून राहिली. मग पहिली चालती गाडी गरम चेंबरमध्ये घातली आणि थोड्याच वेळात सॉफ्टवेअरने पॉवर कापायला सुरुवात केली. शेवटी बंपरमध्ये दोन तोंडं कापावी लागली, जी कोणी डिझाइन केलेली नव्हती, आणि ती शेवटपर्यंत ठिगळासारखी दिसली. ज्या डिझायनरने ते तोंड काढलं होतं त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सुरुवातीलाच त्याला सांगितलं असतं की एवढी हवा लागणार आहे, तर त्याने त्या हवेचंच काहीतरी देखणं केलं असतं, तेवढी ताकद होती त्याच्यात. म्हणून तुला कळकळीने सांगतोय, रेडिएटरची जागा आत्ताच ठरव. दोन छोटे रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढे तिरके, मधे एक कंडेन्सर, आणि हवा आत घेतलीस तर ती बाहेर कुठून जाणार तेही काढ. बॉनेटवरून बाहेर काढलीस तर गाडीचा पुढचा भाग रस्त्यावर दाबला जायलाही मदत होते. बंद-उघड होणाऱ्या झडपा ठेव, म्हणजे हळू चालवताना तोंड बंद आणि गरज पडली की उघडं.

हवेवरून आठवलं, रेंज वाढवायला बॅटरी वाढवण्याच्या आधी आकार बघ. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनाने. तुझ्यासारख्या गाडीचा ड्रॅगचा आकडा ०.२५ आणि समोरचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरलं तर १०० च्या स्पीडला हवा कापायला साडेसहा किलोवॅटच्या आत काम होतं, २०० ला साधारण ५१. आठपट. आणि उंची १० सेंटिमीटर वाढवलीस की समोरचं क्षेत्रफळ ६-७ टक्के वाढतं, म्हणजे फ्लोअरमध्ये बॅटरी घालून जी रेंज मिळवलीस त्यातली थोडी हवेत परत दिलीस. चाकांच्या बाबतीत तू २२ इंची रिम काढलेत, ते २० वर आण. मोठ्या उघड्या रिमने ड्रॅगही वाढतो, वजनही वाढतं, आणि आपल्या रस्त्यांवर इतका पातळ टायर एका खड्ड्यात जातो.

रूपाबद्दल दोन शब्द, मी डिझायनर नाही पण त्यांच्या शेजारी आयुष्य गेलंय. तुझ्या स्केचमध्ये दाराच्या मागे मोठा हवेचा झरोका आहे, मधल्या इंजिनाच्या गाड्यांसारखा. आत इंजिन नाही, मग तो कशासाठी? सीटमागच्या बॅटरीच्या कूलिंगसाठी खरा वापरणार असशील तर ठेव आणि आतली वाट दाखव, नुसता काळा प्लास्टिकचा खड्डा असेल तर काढून टाक. एव्हियाचा मागचा भाग बघ. मोठं इंजिन आणि एक्झॉस्ट नसल्यामुळे मागे जी जागा मोकळी झाली तिच्यातून त्यांनी हवेचे दोन बोगदे आरपार काढले, मागून बघितलं तर गाडीतून पलीकडचं दिसतं, आणि मागच्या लाइट त्या बोगद्यांच्या तोंडाभोवती. मला ही गाडी म्हणूनच फार आवडते, पेट्रोल गाडीला जे करणं जमलंच नसतं ते तिने केलं. तुमच्या चौघांनी स्वतःला हाच प्रश्न विचारावा असं मला वाटतं, इंजिन गेल्यामुळे आपल्याला काय नवीन करता येईल. मोटर मागे आहे तर नाक लहान करता येईल का (पायांपुढे अपघातात चुरगळायला जागा ठेवून), पुढे सामानाची चांगली जागा करता येईल का, मधला बोगदा नाही तर दोन माणसं जवळ बसवून गाडी अरुंद करता येईल का. अरुंद स्पोर्ट्स कार आपल्या घाटात किती मजेची होईल, वरंधा घाटात समोरून एसटी आल्यावर दोन मीटर रुंद गाडी घेऊन बघ म्हणजे कळेल. टाटाने २०१७ ला जिनिव्हात दाखवलेली रेसमो पेट्रोलची होती आणि ती बाजारात आली नाही, पण छोटी, दोन सीटची, आपल्या माणसाला परवडावी असा विचार असलेली स्पोर्ट्स कार आपल्याकडे काढली गेली याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता, आणि ती दिशा अजून मोकळीच आहे.

बारीकसारीक दोन गोष्टी. हेडलाइट तू बंपरमध्ये फार खाली नेलीये, युरोपच्या नियमात डिप बीमची (समोरच्याला न दिपवणारी, खाली पडणारी) लाइट जमिनीपासून किमान ५०० मिलिमीटर लागते, तुझी ४२० वर दिसतेय. वरची पातळ पट्टी दिवसाची लाइट म्हणून ठेव आणि खरी लाइट तिच्या जवळ आण. आणि ग्राउंड क्लिअरन्स १२० ठेवलास ते ठीक, पण पुढचा भाग उचलणारं सस्पेन्शन दाखव, कारण आपल्याकडे स्पीड ब्रेकर १०० मिलिमीटरचा असावा असं पुस्तकात आहे, रस्त्यावर मात्र गावोगाव वेगळा. हाही सीटमागच्या बॅटरीचा एक फायदाच, पोट घासलं तरी खाली बॅटरी नाही.

आता काम कसं करायचं. कॅड बंद करा आणि आठवडाभर हातानं काम करा. एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये प्लायवूडचा बक (आत बसून बघायचा पूर्ण मापाचा सांगाडा) बनवा, त्याला फार पैसे लागत नाहीत, जुन्या गाडीची सीट भंगारवाल्याकडून आणा, ती फ्लोअरवर बरोबर उंचीला ठेवा, स्टिअरिंग म्हणून लाकडी चकती, टपाच्या जागी एक पट्टी, काचेचा काठ म्हणून दोरी. मग ग्रुपमधल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाला त्यात बसवा, उतरायला लावा, पुन्हा बसवा. दहा मिनिटांत जे कळतं ते कॅडमध्ये महिनाभर कळत नाही. आमच्याकडे अजूनही हेच करतात, व्हीआरचे चष्मे आले तरी, कारण उतरताना गुडघा कुठे आपटतो ते चष्म्यात कळत नाही.

ज्युरीच्या प्रश्नाचं उत्तरही यातूनच निघतं. "बनू शकते का" याला हो किंवा नाही म्हणू नकोस. त्यांना ती उंचीची बेरीज दाखव, ठोकळ्याचं माप दाखव, वजनाचा हिशोब दाखव, बकमध्ये बसलेल्या मित्राचा फोटो दाखव, आणि कुठल्या गोष्टी तुम्ही धरून चाललात (पॅकची घनता, कूलिंग) ते सांग. पुढचा निष्कर्ष ते स्वतः काढतील.

आणि एक कर. ए-० आकाराचा कागद घे, त्यावर एकास चार प्रमाणात साइड व्ह्यू काढ. ४,४०० ची गाडी १,१०० मिलिमीटर येते, कागद १,१८९ चा आहे, बरोबर मावते, उंची २९५ येईल. आधी जमीन, मग चाकांचे दोन गोल, मग टाच, एच-पॉइंट, डोळा, डोक्याचं टोक, मग बॅटरीचा ठोकळा, रेडिएटर, मोटर, आणि सगळ्यात शेवटी त्यावर तुझ्या स्केचची रेष टेपने लाव. कुठे काय अडतंय ते तिथेच दिसेल. त्याचा फोटो इथे टाक, एच-पॉइंटचं माप शेजारी लिहून, मी बघतो आणि सीट अजून किती खाली नेता येईल ते सांगतो.